माणुसकीचं बटण

खोतांच्या घरात देव होते, कुळाचार होते, पण धर्म म्हणावा असा एकच होता: बंद पडलेल्या गाडीला धक्का मारायचा. मालविका खोतचे वडील एसटीत ड्रायव्हर. आंबोलीच्या घाटात त्यांची हयात गेली, आणि घाटात अडलेली कुठलीही गाडी, मग ती वऱ्हाडाची असो की फौजदाराची, ढकलल्याशिवाय पुढे जाणं आबांना कधी जमलं नाही. मुलांवर संस्कार तोच. थोरला दिगंबर अडलेली गाडी लांबून दिसली तरी बाह्या वर करायचा. धाकटी मालविका मात्र एकदा, सगळे घामाघूम होऊन एक बस ढकलत असताना, म्हणाली होती, "आबा, गाडी उतारावर आहे. तोंड खाली करून ब्रेक सोडला तर आपली आपण जाईल." त्यावर सगळ्यांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू पंगतीत कुणीतरी नास्तिक उठून उभा राहिलाय. बस शेवटी तिनं सांगितलं तशीच गेली, पण ते महत्त्वाचं नव्हतं.

ही मुलगी पुढे बर्फाची शास्त्रज्ञ झाली. खोतांच्या इचलकरंजीत बर्फ फक्त गोळेवाल्याकडे मिळतं, त्यामुळे नातेवाइकांना तिचं काम समजावून सांगणं अवघड होतं. "हिमालयात असते, बर्फ तपासते," असं दिगंबर सांगायचा. "भेसळ असते काय?" असं लोक विचारायचे.

भेसळ नसते, पण थर असतात. बर्फ म्हणजे एकसंध पांढरा ढीग नव्हे. प्रत्येक हिमवर्षावाचा एक थर, चळतीसारखा. हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फ पातळ असतं, खालची जमीन उबदार आणि वरची हवा कडाक्याची. मग जमिनीलगतची वाफ वर चढते आणि तळाच्या बर्फाचे सुटे, टोकदार दाणे होतात, हुबेहूब साखर. हे दाणे एकमेकांना धरत नाहीत. त्यावर पुढे वाऱ्यानं आणलेलं बर्फ दाबून बसतं. साखरेवर कडाप्प्याची फरशी ठेवावी, आणि तीही जिन्यासारख्या उतारावर, तशी ही रचना. वरून बघणाऱ्याला नुसती शोभा दिसते. एक स्नोमोबाईल, बर्फावर पट्ट्यानं पळणारी फटफटी, त्यावरून सुखरूप जाते. दुसरी आली, की फरशी कुठेतरी तडकते आणि अख्खा उतार खाली येतो.

मालविकानं अपघातांचे अहवाल वाचले तेव्हा तिला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. वाट सोडून कोऱ्या बर्फात गाडी घालणारा पहिला माणूस अडकायचा, वाचायचाही. मरण यायचं ते त्याचा मित्र मदतीला गेल्यावर. दोघांनाही.

तिनं मग एक यंत्र केलं. डॉक्टर पाठीवर बोटं वाजवून छाती तपासतात, तसं स्नोमोबाईलचा पट्टा चालता चालता बर्फावर टिचक्या मारायचा आणि परत येणारा आवाज ऐकायचा. साखर किती खोल, फरशी किती जाड, बर्फाखालच्या पोकळीत हिवाळा काढणारे उंदीर कुठे, सगळं त्याला कळायचं. उंदीर असले तर गाडी वळसा घ्यायला सांगायची. आणि हँडलवर एक आकडा दिसायचा: हा उतार एका वेळी किती गाड्या सोसेल. मालविकानं त्याला 'सोसांक' नाव दिलं. सोसांक एक असेल आणि उतारावर एक गाडी असेल, तर बाकीच्यांच्या मोटारी बंदच राहायच्या. गाड्या विजेच्या, आवाज नसलेल्या, त्यामुळे हा नकारसुद्धा शांतपणे यायचा. दुकानदार पेपरातून डोकं वर न काढता 'नाही' म्हणतो, तसा.

या गाड्या चालवायला पहिला कोण पुढे आला असेल, तर सख्खा भाऊ. दिगंबरची टूर कंपनी होती. स्पितीच्या बाजूला शिलमो नावाच्या गावात तो दर हिवाळ्यात मराठी मंडळींना आणायचा, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि एक आचारी. पण सोसांकानं धंद्याची पंचाईत झाली. एक जण बर्फाच्या खोलग्यात उतरायचा आणि बाकीचे डोंगराच्या धारेवर बंद गाड्यांवर बसून राहायचे. 'उभं राहण्याचा अनुभव अविस्मरणीय,' असं एका गिऱ्हाइकानं इंटरनेटवर लिहून ठेवलं. खाली दिगंबरनं हात जोडल्याची खूण टाकली होती.

त्यातच गावानं नोटीस काढली. आदल्या हिवाळ्यात दुसऱ्याच कुठल्या टोळक्यानं व्हिडिओसाठी आयबेक्सच्या कळपामागे गाड्या घातल्या होत्या. आयबेक्स म्हणजे मागे वळलेल्या लांब शिंगांचे रानबोकड. हिवाळ्यात ते अंगावरच्या चरबीवर जगतात. एकेक धाव त्यांना एकेक दिवसाच्या खाण्याइतकी महाग पडते. वसंतात बर्फ वितळल्यावर गावाला नाल्यात सांगाडे सापडले. गावच्या महिला मंडळाच्या प्रमुख अंगमो यांनी सभा बोलावली, आणि वाटेबाहेर एकही गाडी जाणार नाही असा ठराव जवळजवळ झालाच होता. मालविकानं एक दिवस मागून घेतला. एकच चाचणी. जमलं तर परवानगी, नाही तर हा खेळ खोऱ्यातून कायमचा बंद, आणि तिचं यंत्र अडगळीत.

"अट साधी आहे," अंगमो म्हणाल्या. मालविका आणि त्या हिंदीत बोलत, पण अंगमोंच्या बोलण्याला कुठल्याही भाषेत फाटे नसत. "समोरच्या उतारावर बोकड चरतात. तुम्ही गाड्या चालवा. बोकड चरत राहिले पाहिजेत. त्यांनी मान वर केली, की तुम्ही खाली. आणि कुणाला बर्फातून उकरून काढायची वेळ आमच्यावर आणायची नाही."

"मंजूर, दीदी."

"तुमचे लोक शांत बसतात का?"

मालविकानं या प्रश्नाला शास्त्रज्ञाला शोभेल असं उत्तर दिलं. "हेल्मेटमध्ये रेडिओ आहे. बाहेर आवाज येत नाही."

चाचणीच्या सकाळी ती गाड्या तपासत होती. सीटखाली हात घातला, तर बोटाला काहीतरी लागलं. लाल बटण. दुसऱ्या गाडीला तेच. सगळ्या गाड्यांना तेच, आणि तिच्या स्वतःच्या गाडीलाही.

"दादा, हे काय आहे?"

दिगंबर मफलर गुंडाळत होता. चोरी पकडल्यासारखं तोंड करणं त्याच्या स्वभावात नव्हतं. "ते होय. दाबलं की तुझा सोसांक गप्प बसतो आणि मोटर सुरू होते. तुझं यंत्र हुशार आहे माले, पण त्याला माणुसकी नाही. म्हणून मी बसवली."

"काढ."

"आता कुठं काढू? सगळी सीटं खोलावी लागतील. मंडळी तयार होऊन उभी आहेत."

"मंडळींना माहीत आहे?"

"सांगून ठेवलंय, अडीनडीला असावं म्हणून. अगं, नुसतं असू दे. देवघरात तलवार असते, रोज कोण काढतं?"

मंडळी चार होती. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले टिकेकर साहेब, त्यांच्या पत्नी उज्ज्वलाताई, आणि गडहिंग्लजचे हणबर बंधू. हे दोघे तालमीत वाढलेले, बोलायला कमी, आणि जगातली कुठलीही वस्तू ढकलता येते या मताचे. मालविकानं सगळ्यांना निक्षून सांगितलं की बटणाला हात लावायचा नाही. सगळ्यांनी इतक्या आज्ञाधारकपणे माना हलवल्या की तिला धडकी भरली.

धार वाऱ्यानं घासून टणक झालेली, सुरक्षित. तिच्या एका अंगाला खोलगा, गुळगुळीत, वाडग्यासारखा, खाली सपाट मैदानात मिसळणारा. पलीकडे नाला, आणि नाल्यापलीकडच्या उन्हाच्या उतारावर कळप. अंगमो धारेच्या एका टोकाला खडकावर दुर्बीण घेऊन बसल्या होत्या. कळपानं त्यांच्याकडे बघितलंही नव्हतं, गावच्याच होत्या.

पहिला नंबर दिगंबरचा. हँडलवर सोसांक एक आला. गाडी आवाज न करता खोलग्यात उतरली, बर्फाचा पिसारा उडाला, आणि दिगंबरनं एक वळण असं घेतलं की मालविकाच्या मनात आलं, दादाला हे येतं. खरंच येतं. मग तो मध्यावर आला, त्याला फोटोची आठवण झाली, वेग कमी करून त्यानं गाडी धारेकडे वळवून हात हलवला, आणि गाडी सीटपर्यंत बर्फात बसली.

हणबर बंधूंनी बाह्या वर केल्या. उणे तापमानात, तीन जाकिटांच्या बाह्या.

"अडकलो की गं," रेडिओवर दिगंबर म्हणाला. आवाजात संकट नव्हतं. आता सगळे येतील, असं नेहमीचं समाधान होतं. "या चला."

धारेवरच्या मोटारी बंद होत्या. सोसांक एक, उतारावर एक गाडी. हिशेब पुरा झाला होता. तेवढ्यात मालविकाला शेजारी हालचाल दिसली. टिकेकर साहेबांचा हात सीटखाली गेला होता. त्यांच्या गाडीचे दिवे लागले, पट्टा फिरला आणि गाडी धारेच्या काठाकडे सरकली.

चालवणारा पडला तर गाडी थांबावी म्हणून त्याच्या जाकिटाला आणि गाडीला जोडणारी एक दोरी असते. मालविकानं झेप घेऊन ती दोरी ओढली. गाडी काठावर थांबली. पुढच्या घसरपट्ट्या हवेत.

"अहो, माणूस अडकलाय!" टिकेकर म्हणाले.

"अडकलाय, साहेब. गाडला गेलेला नाही. तुम्ही गेलात तर दोघे गाडले जाल."

"द्या ती दोरी इकडे," उज्ज्वलाताई शांतपणे म्हणाल्या. "आता माझ्याकडेच राहू दे ती." आणि त्यांनी ती पर्समध्ये टाकली. पर्स त्यांनी बर्फातसुद्धा सोडली नव्हती.

"माले," दिगंबरचा आवाज आला, "काय चाललंय वर? पाठव की कुणाला तरी."

"नाही पाठवत."

"मग तू ये."

"मीही नाही येत."

"आबांनी हे ऐकलं असतं ना माले," तो म्हणाला, "तर त्या दिवशी जेवले नसते."

तिचा हात आपोआप सीटखाली गेला. बटण तिथंच होतं, गुळगुळीत, सोयीचं. आपल्या भावानं वायरिंग किती नीट केलंय हेही तिला बोटांना जाणवलं. खाली तिचा दादा होता, ज्याच्या खांद्यावर बसून ती जत्रा बघायची, आणि तो एकटा होता, आणि समोर फक्त एक आकडा होता, जो तिनंच बनवला होता. आकडा चुकला असेल तर? तिनं दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसली. लहानपणी मस्ती केल्यावर आई असंच बसवायची.

"दादा, फावडं पाठीला आहे. काढ."

"फावडं?" दिगंबर म्हणाला, जणू तिनं त्याला सतार वाजवायला सांगितली होती. आयुष्यभर त्याच्या अडलेल्या गाडीभोवती माणसं जमत आली होती. फावडं तो नियम म्हणून बाळगायचा.

त्यानं खणायला घेतलं. दोनदा फावडं मारलं आणि धापा टाकत थांबला. आणि मग, जे करायला मनाई नव्हती ती एकच गोष्ट मंडळींना सापडली.

"तसं नव्हे खोत," टिकेकर म्हणाले. "आधी बर्फ कुठं टाकणार ते ठरवा. वर टाकलंत तर परत तुमच्याकडेच येणार. चाळीस वर्षं कालवे खणलेत मी."

"तुम्ही खणले नाहीत, सह्या केल्यात," उज्ज्वलाताई म्हणाल्या. "दिगंबरभाऊ, ऐका माझं. तव्याला चिकटलेलं धिरडं मधून उचकटायला गेलं की तुटतं. उलथनं कडेकडेनं फिरवा. आधी कडा मोकळ्या."

"कमरेत बसा," थोरला हणबर म्हणाला. दिवसातलं त्याचं हे पहिलं वाक्य होतं. "पाठ वाकवू नका."

"आणि श्वास सोडत फावडं मारा," धाकटा म्हणाला. थोरल्यानं त्याच्याकडे आदरानं पाहिलं.

चार जण एकाच वेळी, चार दिशांनी, न थांबता बोलत होते. हेल्मेटच्या आत जणू लग्नघर भरलं होतं. बाहेर खोऱ्यात मात्र पिसाचाही आवाज नव्हता. मालविकानं हँडलकडे बघितलं. सोसांक एक होता, तो एकच राहिला. या सगळ्या सल्ल्यांचा उतारावर गुंजभरही भार पडला नव्हता. बर्फशास्त्रात ही नोंद आजवर कुणी केली नव्हती, कारण मराठी मंडळींवर प्रयोग झाले नव्हते.

कडा मोकळ्या झाल्या. दिगंबर गाडीचं तोंड वर करून उभा होता, ज्या दिशेनं मदत यायला हवी त्या दिशेला.

"दादा," ती म्हणाली, "आंबोलीची ती बस आठवते? मी बोलले होते आणि सगळे हसले होते."

"हसलो नव्हतो. कीव केली होती."

"उतारावरच आहेस तू. तोंड खाली फिरव."

मग दिगंबरनं कमरेत बसून, पाठ न वाकवता, श्वास सोडत गाडीचं पुढचं टोक वळवलं. इंचाइंचानं. गाडी उताराला लागली, त्यानं हलकेच गती दिली, आणि ती सुटली, खाली, पिसारा उडवत, मैदानापर्यंत. मैदानात तो थांबला आणि दोन्ही हात वर करून उभा राहिला. हणबर बंधूंनी एकमेकांना मिठी मारली.

अंगमोंनी बराच वेळ दुर्बीण खाली घेतली नाही. मग म्हणाल्या, "मान वर केली नाही. एकानं कान हलवला. माशी असेल."

"दीदी, हिवाळ्यात माश्या नसतात."

"मग माझी नजर असेल." त्यांनी दुर्बीण पिशवीत ठेवली. "तुमच्यात कुणी अडकलं, की सगळे इतकं बोलतात? मला हेल्मेटच्या काचेतून तोंडं हलताना दिसत होती."

"कुणी अडकलं नाही तरी बोलतात."

"चालेल," अंगमो म्हणाल्या. खोऱ्यातला खेळ या एका शब्दावर वाचला.

दिगंबर मात्र संध्याकाळभर फुगून होता. भाकरी मोडताना तो तीनतीनदा म्हणाला, "टिकेकर आले असते तरी काही झालं नसतं." न झालेला अपघात दाखवायचा कसा? ती नुसती चटणी पुढे सरकवत राहिली.

उत्तर सकाळी मिळालं. रात्रभर वारा सुटला होता आणि त्यानं खोलग्यावर थोडं बर्फ आणून टाकलं होतं. फार नाही, एखाद्या गाडीच्या भाराइतकं असेल. गावातून बघितलं तर खोलग्याच्या माथ्यावर कुऱ्हाडीनं मारल्यासारखी सरळ रेघ होती आणि तिच्याखाली काहीच नव्हतं. काळी जमीन. दिगंबरनं खणलेली जागा, त्याचं सुंदर वळण, सगळं मैदानात ढीग होऊन पडलं होतं.

दिगंबर चहा न घेता पक्कड घेऊन गेला. परत आला तेव्हा त्याच्या मुठीत लाल बटणं होती. ती त्यानं ओट्यावर ठेवली.

"वायरिंग चांगलं केलं होतंस," ती म्हणाली.

"हो ना," तो म्हणाला. "चहा दे."

त्यानंतरच्या हिवाळ्यांत हा खेळ बदलला, आणि तो का बदलला हे सांगायला दिगंबर आजही कुठल्याही व्यासपीठावर तयार असतो. चाचणीचं रेडिओवरचं संभाषण बाहेर पसरलं. इतर देशांतल्या स्नोमोबाईल मंडळांनी ते भाषांतर करून ऐकलं. धिरड्यावर एक तळटीप द्यावी लागली. सोसांक हळूहळू सगळ्या गाड्यांवर आला. वाटेबाहेर जाणं म्हणजे एक जण उतारावर आणि बाकीचे धारेवर, असा नियमच झाला, आणि धारेवर बसणं ही शिक्षा न राहता खेळाचा अर्धा भाग ठरला. शिलमोत दर हिवाळ्याला सांघिक शर्यत भरू लागली. गुण तीन गोष्टींना: उतरणाऱ्याचं कसब, धारेवरच्यांचं मार्गदर्शन, आणि बोकडांचं चरणं. तिसऱ्याच्या परीक्षक अंगमो. त्यांच्या निकालावर अपील नाही.

एका वर्षी अंतिम फेरीत समोर उत्तरेकडचा एक नामांकित संघ होता. त्यांचे खेळाडू बर्फातच जन्मलेले, चालवण्यात कुणी हात धरणार नाही. पण त्यांचा माणूस अडकला तेव्हा धारेवरचे सगळे संयमानं गप्प बसले. त्यांच्यात विचारल्याशिवाय सल्ला देणं असभ्य मानतात. तो बिचारा शेवटपर्यंत एकटाच खणत राहिला.

मग मालविका उतरली. मध्यावर, थेट दादासारखीच, गाडी सीटपर्यंत बसली. सोसांक एक.

तिनं धारेकडे बघितलं. टिकेकर, उज्ज्वलाताई, हणबर बंधू रांगेत होते. दिगंबर कडेला. त्याची पावलं दोनदा धारेच्या काठापर्यंत आली आणि दोनदा मागे गेली. मग तो सीटवर बसला. दोन्ही हात मांडीखाली घातले.

"माले," रेडिओवर त्याचा आवाज आला. "येत नाही मी. आधी कडा मोकळ्या कर."

मग लग्नघर भरलं. टिकेकरांनी बर्फ टाकायची बाजू सांगितली, उज्ज्वलाताईंनी ती बदलली, हणबरांनी श्वास मोजला. मालविका खणत होती आणि हसत होती, आणि हसताना फावडं नीट धरता येत नाही हेही तिला कुणीतरी सांगितलं. तिनं गाडीचं तोंड खाली वळवलं. गाडी सुटली. बर्फाचा पिसारा उन्हात उंच उडाला, आणि मैदानात येईपर्यंत तिनं एकदाही वेग कमी केला नाही.

नाल्यापलीकडे बोकड चरत होते. अंगमोंनी हिरवं निशाण वर केलं आणि, हे आधी कधी झालं नव्हतं, दोनदा हलवलं.

शर्यतीची शेवटची रेघ मैदानात होती, अगदी सपाट जमिनीवर. तिथं साखर नव्हती, फरशी नव्हती. सोसांकानं हवे तितके लोक या म्हणून सांगितलं. मालविका रेघेपासून थोडी अलीकडे थांबून वाट बघत होती. थोड्या वेळात धारेमागच्या पक्क्या वाटेनं पाचही जण धावत खाली आले. सगळ्यांत पुढे दिगंबर, बाह्या वर केलेल्या.

"दादा, अरे गाडी चालू आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे," तो म्हणाला आणि मागे जाऊन त्यानं खांदा लावला. हणबरांनी दोन बाजू धरल्या. उज्ज्वलाताईंनी पर्स टिकेकरांकडे दिली आणि त्याही लागल्या. टिकेकर पर्स घेऊन, कुठून ढकलायचं ते सांगत, बाजूनं पळू लागले.

मालविकानं मोटर बंद केली. मग त्यांनी तिला रेघेपलीकडे ढकलत नेलं.